सखूचा बाप्तिस्मा

९ नोव्हेंबर, रविवार
उपासना आमच्याच फ्लॅटमध्ये, नेहमीची चार घरं. गाणं चालू असताना खाली दोन अनोळखी माणसं आली. सोसायटीचे चेअरमन जोशीकाका, त्यांना त्या माणसांनी विचारलं, वरती दर रविवारी कोण कोण येतं? मग वर येऊन आमच्या दाराबाहेरच्या चपलांचा फोटो काढला. चपलांचा कशाला?


११, मंगळवार
नववीला नागरिकशास्त्र, धर्मस्वातंत्र्याचा धडा. एका मुलीने विचारलं, "टीचर, म्हणजे आपल्याला पाहिजे तर धर्म बदलता येतो?" सरळ उत्तर 'हो'. मी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हटलं, "पुस्तकात आहे तेवढंच लिहा." ती लिहायला लागली. पुढचं काय शिकवलं, आठवत नाही.

१३, गुरुवार
सखू शाळेत खिचडी शिजवते, खानवेलहून बसने येते. नवरा वारल्यापासून आमच्या प्रार्थनेला बसते. आज म्हणाली, येत्या रविवारी बाप्तिस्मा घेते. दीर म्हणालेत, घेतलास तर घरात पाय ठेवू नको.
मी म्हटलं, थोडं थांब.
घरी आल्यावर नवऱ्याचं, विलासचं नि माझं वाजलं. तो म्हणतो, "संविधानाने दिलेला हक्क आहे, कोण अडवणार?" मी म्हटलं, "हक्क तू बोलणार, मार तिच्या पाठीवर."  तो डबा उचलून कंपनीत पाळीवर गेला.
प्रभूला चारचौघांत पत्करावं, हे रविवारच्या वर्गात मीच पोरांना शिकवते. सर्पासारखं चतुर व्हा, हेही त्याच शास्त्रात. घाबरलेलं माणूस सोयीचं वचन शोधतं.

१४, शुक्र.
सखूला पुन्हा समजावलं. भांडी घासता घासता म्हणाली, "बाय, भ्या मला पण वाटतं. पण भ्यानं थांबले तं मग कवा?"
मी तिच्या शेजारी बसून भांडी विसळली.

१५, शनि.
संध्याकाळी जोशीकाका वर आले. कचेरीतून निवृत्त झालेले, घरात रोज पूजा. खुर्चीत बसले, पाणीही घेतलं नाही.
"मॅडम, ती माणसं परत आली होती. बाटवाबाटवी चालते का, विचारत होती. मी काय सांगू?"
"खरं ते सांगा काका. कुणाला आमिष नाही, जबरदस्ती नाही."
"ते मला ठाऊक आहे. ऐकणाऱ्याला हवंय का ते?" मग म्हणाले, "ज्याचा देव त्याच्याजवळ, एवढंच मला कळतं. उद्या मी जिन्यात उभा राहतो."


१६, रविवार
सकाळी काकांच्या दाराला कुलूप. मुलगा वापीला घेऊन गेला म्हणे. राग नाही आला. त्यांच्या मुलाच्या जागी मी असते तर मीही नेलं असतं.
बाप्तिस्मा द्यायला आमचे पाळक आलेत. चार घरांपैकी दोनच आली.
सखू आली, धुवट लुगडं. मागे तिचे दोन्ही दीर. थोरल्याने दारातूनच विचारलं, "मास्तरीण कोण?"
"मी," म्हटलं.
"आमाला बघायचं हाय, तुमी काय करता तिला."
विलासने बसायला सतरंजी दिली. बसले. धाकटा सारखा फोनवर काहीतरी टाइप करतोय. कुणाला?
मी चहाच्या निमित्ताने आत आलेय, उकळी येईपर्यंत लिहिते. बाहेर थोरल्याचा आवाज चढलाय. पाळक काहीतरी बोलले, मग तेही थांबले. आता फक्त सखू बोलते आहे, हळू, न अडखळता. शब्द कळत नाहीत.
जिन्यात पावलं वाजतायत. बरीच आहेत.
जाते बाहेर, तिच्याजवळ