आतली कडी

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. चिमी तुझ्याकडे आहे, हे मला घरमालकाने सांगावं? सोळा वर्षांची पोर! तिची आई गेल्यापासून मी दुकानात जाताना बाहेरून कुलूप लावतो, ते तिच्याच भल्यासाठी. काल बघतो तर कुलूप जागच्या जागी आणि बिजागऱ्या खोललेल्या. स्क्रू वाटीत नीट ठेवलेले. किल्लीवाल्याची मुलगी शोभते खरी!

पंधरा तारखेपर्यंत ती घरी आली नाही, तर अल्पवयीन मुलीला फूस लावून नेल्याची तक्रार तुझ्या नावाने करीन. आधी कळवतोय, एवढाच बहिणीचा मान.

तुझा (अजून तरी) भाऊ

७ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तू जायच्या आत मीच चिमीला घेऊन पोलीस चौकीत गेले. पोर माझ्याकडे सुखरूप आहे, लिहून घ्या म्हटलं.

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, कायद्याने पालक तूच. सख्खी आत्या असले तरी शाळेत नाव घालायला तुझीच सही लागणार, आणि तुझ्या तक्रारीने मी आतही जाऊ शकते. पण ती सोळा वर्षांची, कुठे राहायचं ते मुलांच्या कोर्टात तिलाही विचारतील. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण दोघं शहाणे कधी होतो?

मला तुरुंग घडू नये म्हणून काल ती पिशवी भरून दारात उभी राहिली. मी पिशवी रिकामी केली. तिची चिठ्ठी सोबत आहे.

लोभ आहेच, तो कोर्टाच्या दारापर्यंत तरी टिकव.
तुझी ताई

ती. बाबांस,
सा. न. आत्यावर तक्रार करू नका, मी येते. पण गेल्या महिन्यात शेजारी आग लागली तेव्हा मी आत दार बडवत होते. धुराने जीव घुसमटला. लोकांनी कुलपावर दगड घातले, पण तुमच्या हातचं कुलूप कुणालाच तुटेना. नशिबाने आग विझली. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही. मला तुमचा राग नाही, त्या दाराची भीती वाटते. कोर्टात विचारलं तर हेच सांगेन.
तुमची चिमी

१२ जुलै

चि. चिमीस,
आशीर्वाद. तक्रार करत नाही, आत्याला सांग.

‘तुझं कुलूप दगडांनाही दाद देत नाही,’ असं शेजारी मला म्हणाले होते. मी खुळा, कौतुक समजून हसलो. आत तू होतीस हे कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. चुकलो गं.

कोर्टात कधी विचारलंच तर खरं तेच सांग. आत्याकडे राहायचं असेल तर सही करीन. दार पुन्हा बसवलंय. बाहेरची कडी काढून तुझ्या खोलीला आतून लावली. ती बाहेरून उघडायची सोय मी मलाही ठेवलेली नाही.

तुझा बाबा