एकशे चार, नाबाद

रविवार, ९ नोव्हेंबर

शतक केलं! एकशे चार, नाबाद. वय सत्तेचाळीस, पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा – आणि क्लबच्या मॅचमध्ये आयुष्यातलं पहिलं शतक. हार घातले, फोटो काढले. वॉर्डातली पोरं "नगरसेवक साहेबांचा विजय असो" म्हणून ओरडत होती. जणू निवडणूकच जिंकलो!

तेव्हा हसलो. आता लिहायला बसलोय तर हात चालत नाही.

अकरावर होतो तेव्हा बॉल बॅटला लागला होता. चांगला सणसणीत लागला होता. समोरच्या संघातल्या लंबूने टाकलेला. लंबू म्हणजे वायरमन – काठीसारखा पोरगा, पण बॉल असा आत आणतो की बास! कीपरने झेलला. अख्खं मैदान ओरडलं. पंच होते आमचे पीटी सर. शाळेत मला बॅट धरायला ज्यांनी शिकवलं, तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बोट वर गेलंच नाही.

मी खाली मान घालून खेळपट्टी ठोकत राहिलो. बॅट काखेत मारून निघायला कितीसा वेळ लागतो?

सोमवार, १०

सकाळी चहा देताना ही म्हणाली, "बॉल लागला होता ना? मला तंबूत ऐकू आलं."

"पंचांनी आउट दिलं नाही."

"मी पंचांचं विचारलंच नाही."

बुधवार, १२

लंबूवर सहा मॅचची बंदी. त्या बॉलनंतर तो सरांना म्हणाला होता, "साहेबांना घाबरलात का, सर?" पंचांचा अपमान – झालं! पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. म्हणजे तीही गेली.

बैठकीला मी होतो. क्रिकेट संघटनेचा उपाध्यक्ष ना मी! ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. माझाही गेला. सरांचं बोट गेलं नाही, माझा हात मात्र बिनबोभाट वर गेला.

गुरुवार, १३

काही लिहावंसं वाटत नाही.

शनिवार, १५

आरोग्य समितीचा अध्यक्ष म्हणून नव्या दवाखान्याच्या पाहणीला गेलो. तिथे लंबू! शिडीवर चढून वायरी ओढत होता.

"जरा बाजूला व्हा साहेब, वरून चुना पडतोय."

बस्, एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मीच म्हटलं, "तुझं वाईट वाटलं रे."

"वाटू द्या की. वाटायला काय लागतं!"

मग पक्कड खिशात टाकून खाली उतरला. म्हणाला, "आई म्हणते, मोठ्या माणसांच्या नादी लागू नकोस. मी म्हटलं, नादी कुठे लागलो? मी तर आउट केलं होतं."

बरोबरच्या इंजिनिअरने न ऐकल्यासारखं केलं. मी भिंतीचा रंग बघत उभा राहिलो.

सोमवार, १७

संघटनेला पत्र लिहिलं. बॉल माझ्या बॅटला लागला होता. लंबूचं अपील खरं होतं. बंदी उठवा, माझं शतक खोडा.

हिने पत्र दोनदा वाचलं. पाकीट स्वतःच चिकटवलं.

गुरुवार, २०

बंदी उठली! उद्याच्या निवडीला लंबू जाणार.

आणि पेपरात माझा फोटो – 'असाही एक नगरसेवक'. दिवसभर फोन खणखणतोय. पक्षाचे अध्यक्ष स्वतः बोलले. "अहो, दहा सभा घेऊन जमलं नसतं ते तुम्ही एका चिठ्ठीत केलंत! विधानसभेचं तिकीट तुमचंच समजा."

लंबूचाही फोन आला. "साहेब, चुकलंच माझं. तुम्हाला ओळखलं नाही."

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

रविवार, २३

पीटी सरांचं नाव पंचांच्या यादीतून काढलं. एकतीस वर्षं उभा राहिला हा माणूस उन्हात. संघटना म्हणते, खेळाडू स्वतः सांगतो बॉल लागला, मग पंच काय करत होते?

त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. "ये, बस." खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून जागा केली. माझा फोटो वरच होता.

"पत्र लिहिलंस ते बरं केलंस," म्हणाले. "आवाज मीही ऐकला होता."

मी तो पेपर पालथा करून ठेवला.

"सगळं लिहिलंस का रे त्यात?"

"हो सर."

"बरं," म्हणाले. शाळेत गृहपाठ न करता गेलो की असंच "बरं" म्हणायचे.

सोमवार, २४

इथेही खोटंच लिहीत आलोय. टॉसच्या आधी सरांच्या खांद्यावर हात ठेवून मीच म्हणालो होतो – "तुमच्या नर्स मुलीच्या बदलीची फाइल माझ्या टेबलावर आहे, सर. आज माझा खेळ कसा होतो बघू, मग सही करतो."

सही मी दुसऱ्याच दिवशी केली.