ब्याऐंशी किलोंची अट

३ मार्च, सकाळी ६.१०
वजन ९१.४. पूजेनंतर केलं, त्यामुळे आकड्यावर शंका घेता येत नाही. आजपासून दिवसाला अकराशे कॅलरी. कॅलरीचं छोटं पुस्तकही आणलंय. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, शहाण्याने थोडी भूक ठेवून उठावं. त्यांना कॅलरी हा शब्द माहीत नव्हता, पण शास्त्र माहीत होतं. दहा आठवड्यांत ८२. अवघड ते काय?
सौ.ला सांगितलं. ती गुडघा शेकत बसली होती. म्हणाली, बरं.

५ मार्च
आरोग्य सुधारणा विधेयकाचा मसुदा आमच्या शाखेत आला. मुख्य लिपिक म्हणून भाषा मी तपासायची. एक वाक्य असं: 'कर्मचाऱ्याचे वजन प्रमाणात असल्यास त्याच्या कुटुंबाच्या उपचारांचा सर्व खर्च शासन करील.' साहेब म्हणाले, प्रमाणात म्हणजे किती? जेवणाच्या सुट्टीपर्यंत आकडा टाका. तज्ज्ञांकडून उंची-वयानुसार वजनाचा तक्ता मागवायला तीन महिने लागले असते. मी डोळे मिटले, देवाचं स्मरण केलं आणि मनात आलेला आकडा लिहिला. ८२. सर्वांना सरसकट. साहेबांनी विचारलं, आधार काय? म्हटलं, अनुभव.

९ मार्च
कॅलरी १०९०. चहाबरोबरची बिस्किटं धरली नाहीत, कारण ती उभ्याने खाल्ली. पुस्तकात प्रत्येक पदार्थ ताटात काढलेला आहे, म्हणजे ताटातलंच मोजायचं. शिपाई म्हणाला, तुम्ही डाएट धरल्यापासून चार दिवसांचा पुडा दोन दिवसांत संपतो. हल्ली उंदीर फार झालेत, असं त्याला सांगितलं.

१९ मार्च
९१.९. काट्याखालची फरशी उतरती आहे. काटा देवघरापाशी हलवला. ९२.१. तिथलीही उतरती निघाली.

२८ मार्च
सौ.ला डॉक्टरकडे नेलं. मेहुणाही बरोबर होता. डावा गुडघा बदलावा लागेल, फार थांबू नका, म्हणाले. खर्च ऐकून मेहुण्याने पाणी मागितलं. मी शांत. बाहेर आल्यावर दोघांना समजावून सांगितलं की कायदा झाला की सगळं मोफत, फक्त ऑफिसात १२ मेला होणाऱ्या तपासणीत माझं वजन ब्याऐंशीच्या आत हवं. मेहुण्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ताई, तो उजवा गुडघा जरा जपून वापर गं. सौ. हसली. मी हसलो नाही. हसण्याने कॅलरी जळतात हे घरी आल्यावर वाचलं.

३ एप्रिल
सभागृहात विधेयकावर नऊ तास चर्चा. काही लागलं तर म्हणून मी फाइल घेऊन मागच्या खोलीत. विरोधक म्हणाले, सरकार जनतेच्या ताटात हात घालतंय. सरकार म्हणालं, आधीच्यांनी ताटच पळवलं होतं. विधेयकाच्या नावात 'जन' आधी की 'आरोग्य' आधी, यावर चार तास गेले. मग सवलतींचं वाटप. पोलिसांना सूट, कारण पट्टा जड असतो. शिक्षकांना सूट, कारण फार वेळ बसावं लागतं. वाहनचालकांना तीच. आमदारांना सूट, कारण मतदारांचा आग्रह मोडता येत नाही. पान चौदावरच्या ८२ बद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एखादी गोष्ट मुळातच बिनतोड असली की असं होतं.
सभागृहाच्या चहापानात केकचे दोन तुकडे. शासकीय कामानिमित्त, त्यामुळे धरले नाहीत.

११ एप्रिल
साहेबांनी खोलीत बोलावलं. सवलतींची यादी बंद व्हायला अजून एक दिवस आहे, म्हणाले, आपल्या खात्यालाही सूट मागू का? तुम्ही म्हणाल तसं. साहेब स्वतः चौसष्ट किलोंचे, तेव्हा माझ्यासाठीच विचारत असावेत. म्हटलं, नको. नियम लिहिणाऱ्याने स्वतःला वगळलं तर लोक तोंडात शेण घालतील. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. आदराने, असं वाटलं.
घरी बोललो नाही. आकडा माझा हेही सौ.ला माहीत नाही. उगाच कौतुक करत बसेल. देवाला तेवढं सांगितलं.

२ मे
९३.२. दहा दिवस आहेत. आता कडक उपास. सकाळी सातला धरला, दहाला सोडला. देव भावाचा भुकेला असतो. माणूस नुसताच भुकेला.
सौ. जिना बसून चढते आता. एका पायरीवर थांबून म्हणाली, अहो, तुम्ही जिवाला फार त्रास करून घेऊ नका.

१२ मे
ऑफिसच्या तळमजल्यावर काटा मांडला होता. बूट काढले. पट्टा, चष्मा, किल्ल्या, खिशातला रुमाल. ९३.८. पुन्हा करायला सांगितलं. ९४. नर्स म्हणाली, काका, तिसऱ्यांदा नको. वाढतंय.
घरी सांगितलं, थोडक्यात हुकलं.  भांडी आवरून झाल्यावर सौ.ने विचारलं, हे ब्याऐंशी ठरवलं कुणी हो? म्हटलं, समितीने.

२० मे
कायद्याविरुद्धचे अर्ज माझ्या टेबलावर. एकशे चाळीस. बहुतेकांना 'नियमानुसार नामंजूर' पुरतं. सत्तावीस अर्ज जेवणाआधी उरकले. अठ्ठाविसावा सौ.चा.
मला न सांगता पाठवलाय. लिहिते: 'आमचे हे मनापासून प्रयत्न करतात. पुस्तकात बघून जेवतात. त्यांची हाडंच मोठी आहेत. ज्या साहेबांनी हा आकडा ठरवला त्यांनी एकदा ह्यांना समोर उभं करून बघावं आणि मग काय ते ठरवावं.'
शेरा न मारता साहेबांकडे पाठवला. चारला परत आला. वर साहेबांच्या अक्षरात: 'नियम लिहिणाऱ्याचा अभिप्राय घ्यावा.'

२१ मे
अर्ज टेबलावरच आहे.
संध्याकाळी सौ. जरा चाचरत म्हणाली, रागावणार नसाल तर सांगते, मी तुमच्या ऑफिसला एक अर्ज केलाय, पुढे काय होतं त्याचं? म्हटलं, विचाराधीन आहे. मला आधीच कसं ठाऊक, हे तिने विचारलं नाही. म्हणाली, ज्याच्या हातात आहे तो माणूस भला असला तर करेल.
मग भिंतीला धरून उठली आणि ताट वाढलं. दोन घास खाल्ले. पुढे जाईना.
आजच्या कॅलरी ९८०. या वेळी सगळ्या धरून.