प्रेताचं काम

३ मार्च
पोचलो एकदाचा! खोली झकास आहे, खिडकीतून शूटिंगचा बंगला दिसतो. पंधरा वर्षं नाटकांत विनोदी कामं केली, सिनेमा पहिल्यांदाच. भयपट आहे, पण लोकांनी घाबरायच्या जागी खो खो हसायचं, असा दिग्दर्शकांचा बेत. माझं काम प्रेताचं. मी जरा हिरमुसलो, तर ते म्हणाले, शेवटी प्रेत उठून बसतं आणि एकच वाक्य बोलतं, तेवढ्यावर लोक थिएटर डोक्यावर घेतील. बायकोला फोन केला. ती म्हणाली, तुम्हाला नाही जमायचं, तुम्ही झोपेतसुद्धा बडबडता. लेकीला मात्र भारी कौतुक.

५ मार्च
दिवसभर दिवाणखान्यातल्या टेबलावर आडवा. माझ्या उशाशी बसून कोणी रडायचं यावरून सिनेमातले नातेवाईक भांडतात आणि मी हलायचं नाही. सतरा टेक झाले, त्यातले सोळा माझ्यामुळे वाया. कधी पोट हललं, कधी पापणी लवली, एकदा तर मलाच हसू फुटलं. दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर हात जोडले, म्हणाले, अहो, जरा मनापासून मरा ना! सगळे फिदीफिदी हसले. गेला पंधरा वर्षांचा अनुभव चुलीत.

८ मार्च
पाच टेकमध्ये जमलं. मेकअपवाल्या बाईंनी युक्ती सांगितली होती : श्वास रोखायचा नाही, विसरायचा. पण जेवायला मला कोणी हाकच मारली नाही. जाब विचारला, तर वाढणारा म्हणाला, तुम्ही आहात हे लक्षातच आलं नाही. चांगला तासभर वाद घातला. ताट समोर आलं तेव्हा भूक नव्हती.

११ मार्च
पहिल्याच टेकला ओके. दिग्दर्शक खूश. मेकअपवाल्या बाई मात्र डबा उघडून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आज काही लावायला नको. म्हटलं, बाई, हा काय कामचुकारपणा? आरसा मागितला, तो दिला नाही.

१२ मार्च
आज माझं वाक्य. बोललो, अगदी खणखणीत. साउंडवाल्याने हेडफोन काढून सांगितलं, आवाजच आला नाही. पुन्हा. पुन्हा. नऊ वेळा घसा फोडला. शेवटी ठरलं, वाक्य काढून टाकू, प्रेत नुसतं पडलेलंच बरं दिसतं. मी संतापून वाट्टेल ते बोललो. एकाचीही मान वळली नाही.

१४ मार्च
बायकोला फोन. ती हॅलो हॅलो करत राहिली. मग लेकीला म्हणाली, कोणी बोलतच नाही गं. मी इकडे ओरडतोय —

१५ मार्च
डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाने टेकमध्ये माझी नाडी धरली. पांढराफटक पडला. दिग्दर्शक म्हणाले, वा, हाच भाव धरून ठेवा! तो बाहेर जाऊन ओकला. मग निघूनच गेला. कोणाला काही न सांगता. निदान सांगायचं तरी —

१७ मार्च
बोटं वळत नाहीत. वही चादरीखाली. सामानवाला यादी करतोय : टेबल एक. मेणबत्त्या बारा. प्रेत एक. अरे, माणूस आहे मी —

१८ मार्च
बायको आलीय. लेकही. माझा फोन लागेना म्हणून. सामानवाल्याने त्यांना सांगितलं, ते तर कालच गेले. बायको वैतागून शेजारच्या खुर्चीत बसलीय. हातभर अंतरावर. हात उचलवत नाही —

लेकीने चादर वर केली. बायको ओरडली, शिवू नकोस, लोकांचं सामान आहे ते.

पेन्सिल हलताना पाहिली तिने. पाहिली! आईला सांगतेय. आई म्हणते, चल, उशीर होतोय —

माझं बोट धरलंय तिने. घट्ट.

खोका आणला. झाकण — ओढताहेत तिला — बाळा, सोडू न