तपकिरी पंप कपाटात होता

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (सवयीने कागदावरच घातलाय, गेल्या महिन्यापर्यंत वाकलो तरी धाप लागायची.) तुमच्या गुडघ्यांची सूज आणि वहिनींचा तुमच्यावरचा राग, दोन्ही जरा उतरली असतील अशी आशा. मी मात्र अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

झालं असं, की गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घेताना मला असा दम लागला, की टेप हातात धरून मी खालीच बसलो. गिऱ्हाईक भला माणूस, त्याने अर्धवट शिवलेल्या बाहीने मला वारा घातला. खिशातला दम्याचा निळा पंप रिकामा. (महिन्यातला दुसरा. मला वाटायचं, कंपनीच कमी भरते.) तसाच धापा टाकत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. तिथल्या फार्मासिस्ट बाईंनी आधी स्टुलावर बसवलं, नव्या निळ्या पंपाला नळकांडं लावून औषध दिलं, धाप खाली बसेपर्यंत हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता पंप रोज कसा घेता ते दाखवा."

मागे रांग. मी ऐटीत तोंड उघडलं आणि अत्तर मारावं तसा फवारा मारला. पांढरा धूर बाहेर येऊन मागच्या आजोबांच्या चष्म्यावर बसला.

"हे औषध जिभेला मिळालं, छातीला नाही," बाई म्हणाल्या. "आणि तपकिरी पंप?"

"कपाटात. अडीअडचणीला ठेवलाय."

त्या स्वतःच खाली बसल्या. "अहो, तो रोजचा. अडीअडचणीचा निळा. आतली सूज तपकिरीने उतरते. असंच चाललं तर एक दिवस निळाही पुरणार नाही."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू बोलल्या, म्हणून मला घाम फुटला. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि मला पहिलीच्या मुलासारखं बसवून शिकवलं: श्वास सोडा, ओठ घट्ट, दाबता दाबता सावकाश आत ओढा, धरून ठेवा, तपकिरी घेतल्यावर चूळ भरा. रांग कुरकुरायची सोडून माझा श्वास मोठ्याने मोजू लागली.

आता कापडाचा गठ्ठा घेऊन जिना चढतो, धाप नाही. (हिचं म्हणणं, धापेचा आवाज आला की ती चहा टाकायची. हल्ली चहा वेळेवर मिळत नाही.)

तुमचा धाकटा

ता. क. काल पुन्हा तपासून घ्यायला गेलो, तेव्हा बाईंनी विचारलं, आधी तो अत्तरासारखा पंप मारायला शिकवलं कोणी. मी अभिमानाने तुमचं नाव सांगितलं. त्यांनी तुम्हाला बोलावलंय. तुमचे दोन्ही पंप घेऊन या.

ता. क. २. हे पत्र लपवू नका. वहिनींना मी सगळं फोनवर सांगितलंय, सोमवारची तिकिटं त्यांनी काढली आहेत.