चिमटा किती आवळायचा

मामा, तुले मरून बरीच वर्षं झाली, पण तुले विचारल्याशिवाय माझं एक काम अडलं होतं, म्हणून लिहायले बसलो. मी लिहिणारा माणूस नाही. सातवीतनं पळालो अन् तुझ्या मागं अंदमानले गेलो. तू आंबागडच्या जंगलात लाकूड तोडणारा, तिकडंही लाकडाच्याच कामाले गेलता, अन् एका साहेबाच्या बोटीवर चिकटला तं हात चालत होते तोवर उतरला नाही. मी समुद्रात मार्लिन धरत होतो, भाल्यासारखी चोच, माणसाहून लांब मासा, असं गावात सांगितलं का लोक म्हणतात, "हो का, अन् बोडीत मगर होती का?" आता सांगणंच सोडलं. दुपार आहे. बुढी आत झोपली आहे. मी ओसरीत बसलो आहे अन् उठून कोठंच जायची सोय नाही.

बुढी म्हणजे तुझी भाचसून. तू पाहिली तेव्हा धानाच्या रोवण्यात तिचा हात धरणारी बाई नव्हती गावात. आता तिच्या डोक्यात बारा महिने रोवणाच लागला आहे. दुपारचा डोळा लागते, जाग आली का लुगडं खोचते अन् निघते. "अजी, बाया समोर गेल्या. मीच मागं राहिली." बाहेर वैशाखाचं ऊन असो, धानाच्या बांधीले भेगा पडल्या असो, तिले रोपाचे पऱ्हे हिरवेच दिसतात. घर अन् बांधी यांच्या मधात बोडी आहे, लहानसं तळंच, तिची पाळ उतरती आहे, अन् पाणी काठालेच खोल आहे. सगळी भीती तेवढ्या जागेची. मी हात धरला का ती झटकते. एकदा चावली. अन् वरून म्हणते कशी, "कोण होय तू? सोड. माझा माणूस समुद्रावर आहे, येऊ दे त्याले, सांगते तुले." आता याच्यावर काय बोलावं? मीच तो, असं सांगून पाहिलं. तिनं खालून वर पाहिलं अन् म्हणाली, "चाल, तो तं जवान आहे."

तर मी असा बसलो आहे. मोहाडीच्या बाजारात जाऊन किती दिवस झाले, आठवत नाही. दाढी करायले न्हावी घरी येते अन् माझीच कीव करून जाते. बाजूची वहिनी म्हणते, "भाऊजी, कडी लावा अन् फिरून या घडीभर." सायबाच्या पोरानं मधात फोन केला होता, बोट धुवून उभी आहे, तिले बांबूची शिंगं लावायले जुना हात पाहिजे, येता का महिनाभर. "पाहतो," म्हणालो. काय पाहतो? दारातून समोरची भिंत दिसते, तेवढीच पाहतो. तिनं सारा जन्म असंच पाहिलं असंन म्हणा. मी तिकडं मोकळ्या पाण्यावर, अन् ती इथं पोरगं, बैल, बांधी घेऊन. तवा मले सुचलं नाही. आता सुचून उपेग नाही.

नागपूरवरून पोरगा आला, येताना पिशवीतून कुलूप घेऊन आला. चांगलं जाड पितळी.

"बाबा, दुपारी हे लावत जा."

"गाईले लावते का कोणी कुलूप?"

"गाईले दावं असते. तुमी तेही लावत नाही. आई बोडीत गेली तं कोणाले विचारू मी?"

पोरगा वाईट नाही, मामा. भ्यायला आहे. त्यानंच स्वतः कुलूप लावलं अन् ओसरीत चहा घेऊन बसला. तिले जाग आली. आम्हाले वाटलं, आरडाओरडा करंन. तिनं दार ठोकलं, तेही हळू, पराया घरी आल्यावानी. "अजी, दार लटकलं वाटते. उघडा ना कोणी. बाया गेल्या." मंग थांबली. मंग पुन्हा तेच, तितक्याच आवाजात. पोराच्या चहावर साय धरली. तो उठला. किल्ली देवळीत ठेवली अन् बसस्टॉपवर गेला, बस यायले खूप वेळ होता तरी. मी कुलूप काढलं. ती बाहेर आली अन् मले म्हणाली, "देव भलं करो भाऊ तुमचं."

कुलूप हातात घेऊन बसलो तवा तू आठवला. आपल्या बोटीची ती दोन शिंगं, दोन्ही अंगाले लांब पसरलेले बांबू. शेंड्याले गडगडी, तिच्यावरून विहिरीसारखी फिरती दोरी, अन् दोरीले तुझा तो कपडे वाळवायचा लाकडी चिमटा, सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेला. खोटा मासा, त्याची रंगीत झालर, बोटीमागं फेसात सोडायची, मंग रॉडचा धागा चिमट्यात द्यायचा अन् दोरी ओढून चिमटा शेंड्यावर चढवायचा. धागे नांगराच्या तासासारखे दूर दूर चालतात, बोट वळली तरी गुंता होत नाही. हे सगळं मी आठवड्यात शिकलो. चिमटा किती आवळायचा, हे शिकायले मात्र वर्षं गेली. ढिल्ला राहिला तं प्रत्येक लाट त्याले सोडवते. घट्ट झाला तं मासा आला तरी सुटत नाही.

पयल्या सालचं तुले आठवत असंन. चिमटा सारखा सुटून राहिला होता, मी वैतागलो, रबराचे दोन वेढे जास्त दिले. अन् त्याच दिवशी मोठा मार्लिन आला. चिमटा सुटला नाही, बांबू वाकला, कडाडला, धागा तुटला, मासा गेला. पैसे भरून मासा धरायले आलेला पाहुणा शिव्या देऊन राहिला होता. तू आला अन् मले एक थापड देली. मंग स्वतःचाच तळहात पाहत उभा राहिला. "भाच्याले मारलं," म्हणाला, "आता हात थरथर कापतीन माझे." अन् तिथंच, त्या डोलणाऱ्या बोटीवर, खाली वाकून माझ्या पाया पडला. आपल्याकडं भाचा देवासारखा, मामानं त्याच्या पाया पडावं, हे त्या पाहुण्याले काय माहीत? त्याले वाटलं दोघंही येडे आहेत. त्यानं शिव्या बंद केल्या, एवढं बरं झालं.

रात्री भाजी चिरता चिरता तू म्हणाला होता, "चिमटा धरून ठेवायले नसते बे. सुटला हे आपल्याले समजावं म्हणून असते. अन् सुटला का रॉडवर झडप घालू नको. ढील खाऊ दे माशाले. आपल्या मनानं चाललो, असं वाटू दे." पुढं तुझे हात खरंच कापायले लागले. धागा चिमट्यात जाईना. तू हासून म्हणायचा, "तुले मारलेली थापड होय ही, भाचेबुवा," अन् चिमटा माझ्या हातात द्यायचा. डॉक्टर काही वेगळंच नाव सांगत होता त्या आजाराले. तू ते कधी ऐकून घेतलं नाही.

तर मी आता काय केलं, ते सांगतो. चौकटीले चिमटा ठोकला, रबर गुंडाळून. धाग्याचं एक टोक दाराले, मधला भाग चिमट्यात, अन् दुसऱ्या टोकाले पोराचं ते कुलूप टांगलं. त्याच्या खाली रिकामा गंज, भाताचं पितळी भांडं. दार ढकललं का चिमटा सुटते अन् कुलूप गंजात पडते, खण्ण. आधी ढिल्ला झाला, वाऱ्यानंच वाजायचा, बुढी दचकून रडायची. मंग घट्ट झाला, तिच्यानं दार ढकललं जाईना. अर्धा वेढा काढला, पुन्हा पाहिलं. आता जमलं आहे. आवाज झाला का मी लगेच उठत नाही. तिले अंगण ओलांडू देतो. मंग मागं मागं जातो, बोडीच्या अंगानं, म्हणजे ती अन् पाणी यांच्या मधात मी. हात धरत नाही. ती बांधीत पोचते, वाकते, गवत उपटून उपटून ओळीनं लावते, मागं मागं सरकते, रोवतात तशी. ओळ आजही सरळ येते. थकली का आपणच म्हणते, "चला, झालं आजचं," अन् घराकडं वळते. मी पराया माणसासारखा मागून चालतो. पोराले फोनवर म्हणालो, कुलूप लावतो रोज. खोटं नाही ते.

सुटका काही झाली नाही, मामा. तिचीही नाही, माझीही. रोज तेच दार, तीच वाट. सायबाच्या पोराले आता नाही म्हणून टाकलं. हा कागद पेटीत टाकून कोणाच्या पत्त्यावर पाठवू? गंजाखाली दाबून ठेवतो.

खण्ण झालं आत्ता. दाराच्या फटीतून तिचा पाय दिसून राहिला आहे. मी बसलोच आहे, ढील देऊन राहिलो. एक गोष्ट कोणाले सांगितली नाही, तुलेच सांगतो. तो आवाज आला का छातीत पयले खुशी होते, मासा लागल्यावानी. बोडी आठवते ती त्याच्या मागून. ती अंगणाच्या पार गेली. उठतो.