नसलेला बॉल

मु. कुडपण, पेटा पोलादपूर
कार्तिक वद्य चतुर्थी, शके १८५६

चि. सयाजीस दादाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नाचणी कापून झाली, मळणी राहिलीय. तुझी वहिनी बरी हाय. माझ्या डोळ्यांवरचा पडदा वाढलाय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तू विचारतोस, जिमखान्यात सायबाबरोबर बिलियर्ड खेळताना लाल बॉल तिरका असला की टेबलाच्या खिशाच्या कडेला आपटून परत येतो, काय करू? अरे शहाण्या, त्याच टेबलावर मी तीस वर्षं मार्कर होतो, सायबांचे गुण मांडत, त्यांच्याशी खेळत. डोळे गेले म्हणून काठी तुझ्या हाती दिली, तेव्हा विचारायला तोंड शिवलं होतं काय?

असो. लाल बॉलाकडं बघून मारू नको, तिथंच सगळे चुकतात. खिशापासून लाल बॉलातून सरळ रेघ मनात ओढ. त्या रेघेवर, लाल बॉलाच्या मागं, त्याला चिकटून एक पांढरा बॉल ठेवलाय असं समज. तो तिथं नाय, पण तुला दिसला पायजे. दिसला की आपला पांढरा बॉल बरोब्बर त्याच्या जागी पाठव. आणि काठी कुऱ्हाडीसारखी आवळू नको.

आपल्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. तू गेल्यापासून रोज चुलीपाशी तुझं ताट मांडायची. वहिनी उचलायला गेली की म्हणायची, "राहू दे गो. सयाची जागा हाय ती."

मांडायची, असं लिहून गेलो बघ.

सयाजी, आई गेली. तुळशीच्या लग्नादिवशी सकाळी. आज आठवा दिवस.

पंधरा दिवस अंथरुणावर होती. रोज विचारायची, सयाला कळवलंस का? मी सांगायचो, तार केली, निघाला असंल. मग ती दाराकडं तोंड करून पडायची. तार मी केलीच नव्हती. महाडला गेलो होतो, तारेच्या खिडकीपर्यंत पोचलो आणि माघारी फिरलो. वहिनीला सांगितलं, रजा मागितली तर पोराची नोकरी जाईल. ते खोटं होतं. माझी जागा तुला द्यावी लागली त्याचा सल मनात होता. तू आला असतास तर आई तुझ्याकडंच बघत गेली असती, आणि मी उशाशी असून नसल्यासारखा. ते मला सोसणार नव्हतं. शेवटी ती दाराकडंच बघत गेली.

मयताच्या पत्राचा कोपरा फाडायची आपली रीत. मी फाडला नाय. फाटका कागद बघून तू तसाच निघाला असतास, आणि माझं पाप तुझ्यापर्यंत पोचलं नसतं. आता वाचून झालंय. कोपरा तुझ्या हातानं फाड.

पत्र मिळताच निघालास तर तेराव्याला पोचशील. मला दादा म्हणावंसं नाय वाटलं तर नको म्हणू. चुलीपाशी तुझं ताट आता मी मांडतो.

भागोजी